चौथा डबा

सोमवार, ६ मार्च १९४४. मुरबाड

कार्तिकापासून या वहीत एक अक्षर नाही. वेळ नव्हता असे लिहायला घेतले होते, पण ते खरे नाही, वेळ होता. लिहायला बसले की स्वतःला तपासावे लागते आणि गेले चार महिने मला ते नको होते. या वहीपाशी खोटे बोलायचे नाही असे ठरवून तिच्यापासूनच तोंड लपवले. चूक माझी. आता पुढे लिहितो.

नवे हेडमास्तर आल्यापासून शाळेची झाडलोट चालू आहे. माझे पाच डबे तेरा वर्षे शाळेच्या कपाटात होते.

"गुप्ते, हे काय आहे?"

"जुन्या चित्रपटाची रिळे."

"बोलतो का हा?"

"नाही. मूकपट."

"मग त्याचा उपयोग काय?"

 त्यांनी सभ्यपणे आठ दिवसांची मुदत दिली. तीन आठवड्यांपूर्वी डबे घरी आणले.

रिळे फार लवकर पेट घेतात. चित्रपट-कंपनीत असताना रिळे जोडायच्या खोलीला लागलेली आग मी पाहिली आहे. पाणी ओतले तरी विझत नव्हती. म्हणून घरातली सर्वांत थंड जागा शोधली. ती मागची खोली, जिथे माझी बायको तारा निजते. तिच्या खाटेखाली पाचही डबे ओळीने बसले. ती म्हणाली, "चौथा माझ्या उशाकडे ठेवा." खिडकीतून दुपारचे ऊन येई, तिला फळ्या ठोकून घेतल्या. दारावर ओले गोणपाट टांगले. त्या खोलीत दिवा, काडी, उदबत्ती काही न्यायचे नाही असा नियम केला. एवढी काळजी मी आजवर कशाचीच घेतली नव्हती.

ताराला आठ दिवस खोकला आहे. हवा बदलते आहे.

रविवार, १२ मार्च

दुपारभर ताराच्या खाटेपाशी बसलो होतो. बोलणे जुन्या दिवसांकडे गेले.

बी. ए. झालो आणि वकिलीचा अभ्यास सोडून दादरच्या एका चित्रपट-कंपनीत पाट्या लिहायला गेलो, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणे टाकले होते. मूकपटात दोन दृश्यांमध्ये अक्षरांची पाटी येई. ती लिहिणे हे माझे काम. आमची कंपनी फक्त जादूचे चित्रपट काढी. राक्षसाचा हात बांबूचा आणि कापडाचा. आत चार माणसे बसून एकेक बोट हलवीत. समुद्र म्हणजे तीस वार मांजरपाट, दोन्ही टोकांना धरून हलवलेले. चंद्र पत्र्याचा. पऱ्यांचे पंख मच्छरदाणीचे, ते तारा शिवत असे. सगळे कसे केले आहे हे आम्हा दोघांना ठाऊक असायचे, आणि तरी पडद्यावर पाहताना दोघेही आ वासून बसत असू. आता बोलपटांतली माणसे कोर्टात उभी असल्यासारखी बोलतात. उडत कोणी नाही.

या डब्यांतल्या आमच्या 'आकाशकेतकी'च्या चौथ्या रिळात तळ्यातले कमळ उमलते आणि आत दोन वर्षांची मुलगी बसलेली दिसते. ती आमची बारकी. अकरा सेकंद. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. शेजारी तारा उभी होती. तिच्याकडे पाहते आणि हात वर करते. सहा महिन्यांनी ती तापाने गेली. तिचा फोटो काढायचा राहून गेला होता. तिचे जे काही आहे ते एवढेच.

रीळ दाखवायचे यंत्र मुरबाडात नाही, त्यामुळे तेरा वर्षांत आम्ही ते पाहिलेले नाही. डबा आहे, एवढे पुरत आले.

ताराला माझ्या सगळ्या पाट्या क्रमाने पाठ आहेत. आज खोकत खोकत म्हणत होती, "हे निशाचरा, त्रैलोक्य तुझे असेल, पण ही कळी तुझी नव्हे."

"किती वाईट लिहीत होतो मी," मी म्हणालो.

"वाईटच. पण तेव्हा तुम्हाला लाज वाटत नव्हती. ते बरं होतं."

मंगळवार, २१ मार्च

खोकला वाढला. डोके सतत दुखते, डोळे लाल. डॉक्टर येऊन गेले. छातीवर नळी बराच वेळ फिरवली आणि अंगणात आल्यावर हळू आवाजात म्हणाले, क्षयाची शंका आहे, कल्याणला नेऊन छातीचा फोटो काढावा. सध्या विश्रांती, थंडावा, खोलीबाहेर फार हिंडणे नको.

मी स्वतःला विचारतो, हे कशाने झाले? गेले वर्षभर मी घरात कमी बोलतो. दिवाळीत साखरेवरून तिला टाकून बोललो. तिने एकदा शेजारच्या पंढरीनाथाच्या मुलीला, तो वारल्यावर ती अनाथ झाली म्हणून, घरी ठेवून घेऊ म्हटले. मी तपासायच्या शाळेच्या वह्यांची चळत दाखवली. माणूस अशाने आतून खंगत असेल का?

आणखी एक नोंद, मला न शोभणारी. ताराच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो, तो हिरवा पडलेला दिसला. भांडी घासणाऱ्या रखमीला मी बोललो.

"कालच घासला वो, चिंच लावून," ती म्हणाली. "त्या खोलीतच हिरवा होतोय. सयपाकघरातली भांडी बघा की."

"कारणे सांगू नकोस," मी म्हणालो. ती पुन्हा घासायला बसली. संध्याकाळी लाज वाटली. उद्या तिची माफी मागेन.

रविवार, २ एप्रिल

रामनवमी. ताराच्या आग्रहाने देवळात गेलो. पाळणा हलला, सुंठवडा घेऊन दीड तासाने परतलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्रसाद द्यायला हात पुढे करायला सांगितले तर बोटांची टोके पिवळी.

"हळद का?" मी विचारले.

"हो, हळद."

पुढे दिवसभर एक शब्द नाही. देवळात जायला नको होते असे वाटत राहिले. तिने पाठवले, पण मनातून मी जाऊ नये असे असेल.

रविवार, ९ एप्रिल

मी जे केले ते लिहितो.

दुपारी तारा झोपली होती. खोलीत आंबूस वास येतो म्हणून डबे पुसायला घेतले. बाहेरून गंजलेले. चौथ्याचे झाकण सैल होते. उघडले. आत रीळ नाही. तपकिरी ढेकूळ आहे; कडेने मधासारखे गळते आहे, वरचा भाग भुकटी. एक टोक सोडवून उजेडाकडे धरले तर फक्त पिवळसर पारदर्शक पट्टी. कमळ नाही, काही नाही. बाकीचे चार डबेही त्याच वाटेवर आहेत, पण मला त्यांचे काही वाटले नाही.

ही गोष्ट ताराला सांगू शकत नाही. या प्रकृतीत ते ऐकून ती उरणार नाही. डबा पुसला, झाकण घट्ट लावले, होता तिथेच, खाटेखाली उशाकडे ठेवला. गळलेल्याला मुंग्या लागलेल्या नाहीत, तेवढे बरे.

बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून काही लपवले नव्हते असे मी अभिमानाने म्हणत असे. तो अभिमान आज संपला.

गुरुवार, १३ एप्रिल. शहापूर

कल्याणच्या फोटोचे जमेना. पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार दोनदा वाटेत बंद पडून परत आली. म्हणून बैलगाडीत गवत पसरून ताराला किन्हवलीच्या वाटेने शहापूरला आणले, तिच्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. तिचे यजमान सावळाराम जंगलखात्यात आहेत. उतरल्या उतरल्या म्हणाले, "काय मास्तर, राक्षसाला कुठं ठेवलंत? की तोही गाडीत आहे?" मग ताराकडे पाहिले आणि तिला धरायला पुढे झाले. अक्काने तिला ओटीवर, उघड्यावरच अंथरूण घातले. मी डॉक्टरांचा थंड खोलीचा आदेश सांगितला तर म्हणाली, "डॉक्टरांना म्हणावं, इथं वारा थंड आहे."

गुरुवार, २० एप्रिल. शहापूर

लिहायला भीती वाटते, पण तारा बरी होते आहे. तिसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली. आज तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे मागून खाल्ले. खोकला दिवसातून चारपाचदा. अक्काशी भांडलीसुद्धा, लहानपणच्या कुठल्याशा बाहुलीवरून.

मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाल्याची बातमी इथे रोज नव्या रूपात येते. ऐकले की मला आधी खाटेखालचे डबे आठवतात. रखमीला बजावून आलो आहे की त्या खोलीत विस्तव न्यायचा नाही.

ओटीवरून माहुलीचा डोंगर दिसतो. सव्वीस सालच्या मार्गशीर्षात त्याच्या पायथ्याशी आमची कंपनी उतरली होती, दुसऱ्या एका चित्रपटासाठी. बारकीला ताप आल्याची चिठ्ठी मला इथेच मिळाली. राक्षसाचे दृश्य अर्धे राहिले होते आणि पाटीचा मजकूर जमत नव्हता. मी दोन दिवस थांबलो. दादरला पोहोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. एवढ्या लहान मुलाला पुरतात. माहीमच्या खाडीकाठी तो खड्डा सावळारामांनी खणला. आज ते माझ्यासमोर बसून सुपारी कातरत होते आणि मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. अठरा वर्षांत आम्ही त्याविषयी बोललेलो नाही.

आता निष्कर्ष. शहापूरला ती बरी होते. मुरबाडला आजारी पडते. पाणी दोन्हीकडे विहिरीचे, तांदूळ तोच, बायको तीच. फरक एकच: तिथे ती दिवसरात्र माझ्याजवळ असते, इथे माणसांत असते. तिचा आजार म्हणजे माझा सहवास आहे. हे मी शांतपणे लिहितो आहे. संध्याकाळी तिला म्हणालो, "तू इथेच राहा. मी सुट्टीत येत जाईन."

ती डोंगराकडे पाहत होती. म्हणाली, "मला घरी न्या."

"अगं, तुला इथं बरं वाटतंय."

"म्हणूनच. मला घरी न्या."

शुक्रवार, २८ एप्रिल. मुरबाड

परत येऊन चार दिवस. काल रात्रीपासून खोकला पूर्वीपेक्षा वाईट. काही करता येत नाही. फळ्यांच्या फटींतून ऊन येत होते, त्यात चिंध्या कोंबल्या.

रविवार, ७ मे

डोंगराकडच्या पाड्यावरची राही दर उन्हाळ्यात मध घेऊन येते. ताराच्या खोकल्यासाठी मीच निरोप धाडला होता. मागच्या दाराने आली, मडके उंबऱ्यावर ठेवले आणि गोणपाट बाजूला सारून आत डोकावली.

"बाय गो, काय ही दशा तुझी. आन हा वास कसला? खाटंखाली काय मेलंय?"

मी सांगितले, जुन्या चित्रपटाचे डबे आहेत. कमळातून मुलगी येते, तो.

राही खाली बसली. "म्हशाच्या जत्रंत पायला मी तो. तंबूत. माझं लगीन नवं व्हतं. कमळातली पोर! शिंकली ती."

तारा कोपरावर उठली. "शिंकली?"

"शिंकली. नाक चोळलं. मग हात वर केला. आमी सगळ्या बाया हसलो."

"मला नाही आठवत," तारा म्हणाली. मलाही नाही. आम्ही दोघांनी ते रीळ वीसपंचवीस वेळा पाहिले असेल, पण दोघेही हाताची वाट पाहत असू.

मग राहीचे लक्ष उशाकडच्या डब्याखाली गेले. जमिनीवर तपकिरी ओघळ आला होता. तिने बोट लावून हुंगले आणि बोट पदराला जोरात पुसले. "मास्तर, माझ्या मडक्याला बघा, उंबऱ्यापासून मुंग्यांची रांग लागली. ह्याला एक बी नाय."

"राही," तारा म्हणाली, "मध ओत आणि जा. ऊन चढेल तुला."

"पन बाय,"

"जा म्हटलं ना."

तिने असे कोणाला घालवून दिलेले मी कधी ऐकले नाही. राही तिच्याकडे पाहत उभी राहिली, मग मध ओतून गेली. आजाराने स्वभावही बदलतो. राहीची मी समजूत घालायला हवी होती. मुंग्यांचे तिने काय काढले होते कोण जाणे.

शनिवार, १३ मे

क्रमाने लिहितो.

सकाळी ताराचे ओठ निळसर दिसू लागले. श्वास शिट्टीसारखा. रखमीला डॉक्टरांकडे पळवले. तोच अंगणात राही, बरोबर तिचा नवरा मंगळू. तीन तास चालून आलेले, विकायला काही नाही.

"मला चैन नाय पडत," राही म्हणाली. "मास्तर, रागवा नायतर मारा. रानात वाईट पोळं लागतं, त्याला मुंगी शिवत नाय, माशी बसत नाय. ते आमी तिथंच टाकतो. घरात नाय आणत. आन तुमी ते माणसाच्या उशाला ठेवलंय, खिडकी मारून."

 मग सगळे एकदम समोर आले. डबे घरी आले आणि दोन आठवड्यांत खोकला. तांब्या. रखमीचे बोलणे. शहापूरची उघडी ओटी. शहापूरला डबे नव्हते. मी दोन महिने माझा स्वभाव तपासत बसलो होतो. खाटेखाली वाकून पाहिले नाही.

मंगळूने खाट उचलली, मी डबे ओढले. पाचही मागच्या जांभळीखाली सावलीत नेले. फळ्या कोयत्याने उपटल्या. राहीने ताराला धरून अंगणाकडच्या ओटीवर निजवले. डॉक्टर आले, मी सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले, डबे लांबूनच पाहिले. म्हणाले, "या वाफेनं आतून भाजल्यासारखं असेल. किती, ते मला सांगता येणार नाही. वाट पाहू."

दुपारी तिचा श्वास थोडा सैल झाला तेव्हा मी म्हणालो, "तारा, तुला एक सांगायचं आहे. चौथ्या डब्यात,"

"काही नाही त्यात," ती म्हणाली. "रामनवमीला उघडून पाहिला मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुढच्या रविवारी उघडलात. तुम्ही सांगितलंत? मी जागी होते."

मी विचारले, "त्याचाच त्रास होतोय, हे तुला माहीत होतं?"

"शहापूरला कळलं."

"मग परत का आलीस?"

तिने डोळे मिटले होते. राग नव्हता आवाजात. असता तर बरे झाले असते. "तुम्ही एकदा राहिला होतात दूर, ती तापात असताना. मला तसं दूर राहणं नाही जमलं."

सोमवार, १५ मे

श्वासाची शिट्टी आहेच. ओठांचा रंग जरा परतला, पण आज पहाटे पुन्हा तासभर निळे होते. पेजेचे चार घोट गेले. डॉक्टर अजून वाट पाहू असेच म्हणतात. सावळारामांना माणूस धाडला आहे.

राही गेलेली नाही. ओटीवर ताराच्या पायाशी बसून 'आकाशकेतकी' पहिल्यापासून सांगते. तिच्या सांगण्यात एक वाघ आहे. तारा मान हलवते, "वाघ नव्हता." राही म्हणते, "व्हता गो, मी भ्यायले व्हते त्याला." राक्षसाचा हात तिला खराच वाटला होता, आत चार माणसे होती असे मी सांगितले तर तिने मीच थाप मारतो आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. कमळाशी आली की तारा तिला थांबवते. शिंक पुन्हा सांगायला लावते. आज तीनदा. तिसऱ्या वेळी ताराने स्वतःच, श्वास पुरत नसताना, दोन बोटांनी नाक चोळून दाखवले. "असं?" राही म्हणाली, "असंच."

डबे या उन्हात उघड्यावर राहू देणे धोक्याचे आहे. जाळता तर येतच नाहीत. सकाळी ऊन चढायच्या आत मंगळू आणि मी शेताच्या पलीकडे, पडीक जागेत कमरेइतका खड्डा खणला आणि चार डबे त्यात ठेवले. खणले खरे मंगळूनेच. माझ्या तळहातांना लगेच फोड आले. तो म्हणाला, "पाचवा बी मावतो यात, मास्तर. आणा."

मी नाही म्हणालो.  त्याने माती लोटली, पाणी शिंपडले, आणि कुदळ माझ्यासाठी जांभळीला टेकवून ठेवली.

उद्या: चौथ्या डब्याचा खड्डा मी एकट्याने खणणे.